नवागतांच्या क्लबात 'ॲक्टिव्ह मेंबर' नक्की कोणाला म्हणायचं? (सत्कारासाठी मदत हवी आहे)

ओळखपाळख

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा एक क्लब आहे, शहरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी. कोणी बदली होऊन आलेलं, कोणी लग्न करून, कोणी रिटायर झाल्यावर मुलांजवळ राहायला. आठवड्यातून एकदा दोन तास भेटतो. गप्पा, बोर्ड गेम, कधी पायी भटकणं, आणि 'दातांचा डॉक्टर कुठला चांगला', 'पत्ता बदलायला कुठला फॉर्म लागतो' असल्या चौकश्या. खरं तर चौकश्याच जास्त.

गेल्या वर्षी कमिटीच्या डोक्यात आलं की जे मेंबर सगळ्यात ॲक्टिव्ह आहेत त्यांचं कौतुक करूया. कल्पना चांगलीच होती, मीच उचलून धरली होती. निवडायचं कसं? तर हजेरीवहीतल्या सह्या मोजल्या आणि पहिल्या पाच जणांना ट्रॉफी दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिले आलेले गृहस्थ सही करतात, कोपऱ्यात बसून फोन बघतात आणि अर्ध्या तासाने जातात. त्यांचा काही दोष नाही हो, त्यांना बिचाऱ्यांना माहीतपण नव्हतं की स्पर्धा चालू आहे. पण आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी फोन करतात, कोणी सांगितलेलं नाही, आपणहून. मधे गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने येऊ शकल्या नाहीत, फोन मात्र घरून चालूच होते. सह्यांच्या हिशेबात त्या अकराव्या आल्या.

त्या काही बोलल्या नाहीत. टाळ्यासुद्धा वाजवल्या सगळ्यांसाठी. पण त्यानंतर फोन बंद. आम्हाला दीड महिन्याने कळलं, ते पण कशावरून, तर एकदा येऊन गेलेले लोक परत दिसेनात म्हणून.

आता या वर्षीचा कार्यक्रम दीड-दोन महिन्यांवर आलाय आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोणी असं काही केलंय का? कसं निवडता? आणि मुळात निवडावं का?

---

तिसरी_घंटा

निवडू नये. सरळ सांगते. पाच जणांना दिलं की बाकीच्यांना न दिल्यासारखं होतं. सगळ्यांना थँक्यू म्हणा, ग्रुप फोटो काढा, घरी जा.

---

हिशेबनीस

@तिसरी_घंटा, सगळ्यांना थँक्यू म्हणजे कोणालाच थँक्यू नाही. ज्याने वर्षभर राबायचं त्याला आणि जो वर्षातून एकदा उगवतो त्याला एकाच मापाने मोजायचं हा पण अन्यायच की.

ओळखपाळख, तुमचा प्रॉब्लेम सत्काराचा नाहीये, मोजमापाचा आहे. फक्त हजेरी मोजलीत म्हणून घोळ झाला. पॉइंट सिस्टम करा. हजेरीला १, खुर्च्या लावल्या तर २, नवीन माणूस आणला तर ५, एखादी सहल ठरवून पार पाडली तर १०. एक्सेल शीट मी बनवून देतो हवं तर, माझ्याकडे सोसायटीच्या कामाची तयारच आहे.

---

पायरीवरचा

एक्सेल आलं एक्सेल आलं, पळा :D

मावशींच्या फोनला किती पॉइंट देणार हिशेबनीसराव? आणि समजा दिले ३. मग पुढच्या वर्षी दहा जण नव्या माणसाला फोन करणार, तो बिचारा घाबरून नंबर बदलणार.

जोक जाऊ दे, पण गुडहार्ट म्हणून एक ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल एक मुद्दा मांडला होता, तो पुढे सगळीकडेच वापरला जायला लागला. सोप्या भाषेत काय, तर एखादं माप हेच टार्गेट करून टाकलं की ते माप म्हणून कामाचं राहत नाही. हजेरीला ट्रॉफी आहे म्हटलं की सह्या वाढतात, माणसं वाढत नाहीत.

---

उशिराने_आलेली

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे जी नवीन म्हणून जाते तिच्या बाजूने.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्या शहरात आले, माझी नोकरी सुटलेली, ओळखीचं कोणी नाही, दिवसभरात बोलायचं तर फक्त भाजीवाल्याशी आणि तेपण 'किती झाले' एवढंच. असाच एक क्लब शोधून काढला. पहिल्या दिवशी गेले, दारात उभी राहिले. आत पंचवीसेक माणसं, सगळी गोल करून, सगळी हसतायत, आणि प्रत्येक खुर्चीवर कोणीतरी किंवा कोणाचीतरी पर्स. मी फोन काढून उगाच मेसेज वाचत असल्यासारखं केलं (काही मेसेज नव्हता, विजेच्या बिलाचा जुना एसेमेस होता, तोच तीनदा वाचला). मग एका बाईंनी 'या ना या' म्हटलं, बसायला दिलं, आणि परत आपल्या मैत्रिणीशी बोलायला लागल्या. वाईट कोणीच नव्हतं हां. प्रत्येकाने नाव विचारलं. तीन आठवडे गेले, तिन्ही आठवडे नाव विचारलं, त्याच लोकांनी.

चौथ्या आठवड्यात नाही गेले. कोणाला कळलं पण नाही.

आणि गंमत सांगते, त्या तीन आठवड्यांतला एक त्यांच्या सत्काराचा कार्यक्रम होता! 'आमच्या लाडक्या अमुकशिवाय क्लबची कल्पनाच करता येत नाही' वगैरे भाषणं, आतले जोक, सगळे खो खो हसतायत, आणि मी मागच्या रांगेत बसून अशा माणसांसाठी टाळ्या वाजवतेय ज्यांनी माझ्याशी दोन वाक्यं पण बोललेली नाहीत. नवागतांचा क्लब ना तो? मला तर लग्नाच्या रिसेप्शनला चुकून भलत्याच हॉलमधे शिरल्यासारखं वाटत होतं.

त्यामुळे सत्कार करा, जरूर करा, पण समोर बसलेल्यांमधे त्या दिवशी पहिल्यांदा आलेला एक माणूस असणार हे धरून करा.

---

ओळखपाळख

@उशिराने_आलेली, वाचून पोटात कालवलं. पर्सचं तर अगदीच. आमच्याकडेपण ठेवतात सगळे, मी स्वतः ठेवते.

---

खडूस_काका

वरचा प्रतिसाद सोडला तर सगळे उंटावरून शेळ्या हाकतायत. माझ्याही दोन शेळ्या घ्या.

रोटरी क्लब आज केवढा पसारा झालाय, पण तो सुरू कसा झाला माहीत आहे का? पॉल हॅरिस नावाचा वकील छोट्या गावात वाढलेला, शिकागोत येऊन प्रॅक्टिस करत होता. ओळखी भरपूर, मित्र नाहीत. रविवारी विशेष कंटाळा. शेवटी २३ फेब्रुवारी १९०५ ला तो आणि आणखी तिघं एकाच्या ऑफिसात जमले. पुढच्या मीटिंगा आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात, म्हणून नाव रोटरी. म्हणजे मुळात तो चार एकट्या माणसांचा अड्डा होता. आणि यात एक गोष्ट बघा, मीटिंग फिरती असल्यामुळे प्रत्येकजण कधी ना कधी यजमान व्हायचा. यजमान झालेला माणूस कोपऱ्यात बसून फोन बघत नाही.

तेव्हा माझा सल्ला, ट्रॉफीपेक्षा पाळी द्या. दर आठवड्याला दोन जण दारापाशी यजमान. वहीतला पहिला नंबरवालापण. तो कोपऱ्यात का बसतो हे कोणी विचारलंय का त्याला? दर आठवड्याला न चुकता येतोय म्हणजे काहीतरी हवं असणारच ना त्याला.

दुसरी शेळी: तुमच्याकडे नवागत किती वर्षं नवागत असतो? परदेशात अशा काही क्लबांत दोन-तीन वर्षांनी मेंबरला बाहेर पडावं लागतं, नवीन लोकांना जागा व्हावी म्हणून. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस संपले तरी खुर्ची सुटत नाही.

---

ओळखपाळख

काका, शेळ्या पावल्या. पाळीचं कमिटीत मांडते. बाहेर काढायचं मात्र आमच्याकडे जमणार नाही, अर्धी कमिटीच जाईल :)

---

गच्चीवरून

उशिरा आलोय धाग्यावर पण एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. बक्षीस *आधी जाहीर* करायचं की नाही हा.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेत एका बालवाडीत प्रयोग केला होता, मानसशास्त्रात खूप गाजलेला आहे. ज्या मुलांना मुळातच रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडतात अशी मुलं निवडली. एका गटाला सांगितलं, चित्रं काढलीत तर सोनेरी स्टार आणि रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, पण चित्र काढून झाल्यावर तेच सर्टिफिकेट अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ खेळतं ते गुपचूप बघितलं. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

आता मुलं आणि मोठी माणसं वेगळी, बालवाडी आणि क्लब वेगळे, मान्य. पण मावशी फोन करत होत्या तो त्यांचा चित्रं काढण्याचाच प्रकार होता ना. तुम्ही शेजारी सोनेरी स्टार टांगलात आणि वर तो त्यांना दिलापण नाहीत.

त्यामुळे पॉइंट सिस्टमला माझा कडक विरोध. मागाहून, न सांगता, आणि नेमकं कशासाठी ते सांगून कौतुक करा.

---

हिशेबनीस

ठीक आहे, सगळे मिळून माझ्या एक्सेलवर तुटून पडलात. पण एक सांगा, मनापासून करणारे पाच, आणि खुर्च्या उचलायला रोज तेच पाच, दोन वर्षांनी त्यांची पाठ धरते आणि क्लब बंद पडतो. मी हे बघितलंय. आमच्या वाचनकट्ट्याचं हेच झालं. तिथे कोणी कोणाचं कौतुक केलं नाही, कोणी मोजलं नाही, सगळं अगदी प्रेमाने चाललं होतं, आणि एक दिवस किल्ली ज्याच्याकडे होती तो आलाच नाही. बाहेर नऊ जण उभे. त्याला फोन केला तर म्हणाला, 'सहा वर्षांत आज पहिल्यांदा कोणीतरी मला फोन केलाय.'

मोजणं म्हणजे बक्षीस नव्हे. मोजलं की निदान कळतं कोण किती वाकलंय.

आणि आकड्यांचा राग करताय तर एक आकडा घ्याच. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल, त्यांचा २०१८ चा अभ्यास. त्यात नुकतेच नव्या ठिकाणी राहायला गेलेले लोकच होते, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं. नुसत्या ओळखीचा माणूस साधासा मित्र व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, 'माझा मित्र' म्हणायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचा व्हायला २०० च्या वर. ओळखपाळख, तुमचे आठवड्याला दोन तास. म्हणजे ५० तासांना पंचवीस आठवडे, जवळजवळ सहा महिने. नवा माणूस सहा महिने टिकला पाहिजे हो. तो तिसऱ्याच आठवड्यात गळाला तर हिशेब सहा तासांवर थांबला.

---

पायरीवरचा

@हिशेबनीस, किल्लीवाल्याचा किस्सा वाचून गप्प झालो. एक्सेलबद्दलचे शब्द अर्धे मागे घेतो.

---

उशिराने_आलेली

सहा तास. हो, माझे बरोबर सहा तासच झाले होते.

---

कोपऱ्यातला

धागा वाचून राहवलं नाही म्हणून आयडी काढला. मला असा सत्कार 'झालेला' आहे म्हणून अनुभव लिहितो.

मी क्लबात प्रोजेक्टर, माइक, वायरी हे बघायचो. बोलायला फारसं जमत नाही, म्हणून मुद्दाम ते काम घेतलं होतं, हातात वायर असली की माणसाला कोणी 'बोला ना काहीतरी' म्हणत नाही. तीन वर्षं मजेत गेली. मग एका वार्षिक कार्यक्रमात मला न सांगता माझं नाव पुकारलं, स्टेजवर बोलावलं, आणि मीच लावलेला माइक माझ्या हातात दिला, 'दोन शब्द बोला'. मी 'थँक्यू' म्हटलं आणि माइक किंचाळला, कारण मी स्पीकरच्या समोर उभा होतो, जिथे उभं राहू नका म्हणून मी सगळ्यांना सांगतो. लोक हसले. प्रेमानेच हसले असतील. पण पुढचे दोन महिने मी गेलो नाही.

तेव्हा 'अचानक द्या' हे ठीक आहे, पण स्टेज अचानक देऊ नका. आधी कानात विचारा, 'चारचौघात नाव घेतलेलं चालेल का?' माझ्यासारखा माणूस नाही म्हणेल, त्याला मग चिठ्ठी द्या. मला नंतर एका मेंबरने कागदावर लिहून दिलं होतं, 'तुम्ही माइकचा आवाज वाढवून दिलात म्हणून माझ्या आईला पहिल्यांदा पूर्ण कार्यक्रम ऐकू आला.' तो कागद अजून पाकिटात आहे. ट्रॉफी कुठे आहे ते बायकोला विचारावं लागेल.

---

तिसरी_घंटा

@कोपऱ्यातला, स्वागत. आयडी काढल्याचं सार्थक झालं तुमचं.

माझं मत अर्धं बदललंय. कौतुक करा पण 'बेस्ट', 'नंबर एक', 'ॲक्टिव्ह' हे शब्दच नकोत. ॲक्टिव्ह म्हटलं की बाकीचे आपोआप सुस्त ठरतात.

---

ओळखपाळख

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कमिटीची मीटिंग झाली, बरीच वादावादी झाली (एकांनी 'मग ट्रॉफीची ऑर्डर दिलीये तिचं काय' हा मुद्दा पाऊण तास लावून धरला). ठरलं ते असं:

निवड कमिटी करणार नाही. गेल्या वर्षभरात जे पहिल्यांदा आले त्यांनाच विचारायचं. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी, वर एकच प्रश्न: 'तुमच्या मते क्लबमधला सर्वात मदत करणारा मेंबर कोण?' नाव टाकायची सक्ती नाही. कसं वाटतंय?

---

उशिराने_आलेली

प्रश्न बदला प्लीज. 'सर्वात' आलं की माणूस विचार करतो कोणाचं नाव लिहिणं बरं दिसेल, आणि मग अध्यक्षांचं लिहितो. असं विचारा, 'पहिल्या दिवसानंतर तुम्ही परत आलात. का आलात?' बस. नाव लिहायचं असेल तर लिहितील. मला कोणी विचारलं असतं तर मला 'का आला नाहीत'चं उत्तर चटकन देता आलं असतं, त्यावरून सांगतेय.

---

हिशेबनीस

हे झकास. आणि जे परत आले नाहीत त्यांचे नंबर वहीत असतीलच की, त्यांनापण विचारा. तिथेच खरा डेटा आहे.

---

खडूस_काका

डेटा म्हटल्याशिवाय जेवण जात नाही याला. पण सूचना बरोबर आहे.

तारीख ठरली नसेल तर ५ डिसेंबर बघा. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मधे ठरवलेला. म्हणजे 'आजच का आणि मलाच का' असं लाजणाऱ्यांना सांगायला एक निमित्त होतं.

---

ओळखपाळख

प्रश्न बदलला. 'परत का आलात?' एवढाच ठेवला. तारीखपण ५ चीच धरली, हॉल मोकळा मिळाला. बाकी नंतर लिहिते.

---

पायरीवरचा

धागा वर काढतोय. ओळखपाळख ताई, ५ तारीख होऊन आठवडा झाला. काय झालं? ट्रॉफ्यांचं काय केलंत?

---

ओळखपाळख

आले आले. दमले होते, आणि काय लिहावं तेपण कळत नव्हतं.

चिठ्ठ्या एकोणचाळीस आल्या. आम्ही तिघी जमिनीवर पसरून वाचत बसलो होतो. मला वाटलं होतं सहली, खेळ, कार्यक्रम यांची नावं येतील. एकाही चिठ्ठीत कुठल्याही कार्यक्रमाचं नाव नाही! सगळी उत्तरं अशी बारीक बारीक. 'माझं नाव दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी न विचारता घेतलं.' 'शेजारच्या खुर्चीवरची पर्स त्यांनी उचलली आणि मांडीवर घेतली.' 'मला घरी सोडायला कोणी आहे का विचारलं.' 'मी रडले, आणि त्या बाई विषय बदलण्याऐवजी गप्प बसल्या.' एका मुलाने लिहिलं होतं, 'बोर्ड गेममधे मला हरवलं, पुढच्या वेळी बदला घ्यायला आलो.' एक चिठ्ठी आमच्या वहीतल्या पहिल्या नंबरवाल्या काकांबद्दल होती! 'कोपऱ्यात ते एकटे बसायचे म्हणून मला कोपऱ्यात बसायची लाज वाटली नाही.' खडूस काका, तुमची आठवण झाली. मी गेल्या वर्षी त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते आठवून कान गरम झाले.

मावशींच्या फोनबद्दल सहा चिठ्ठ्या, सगळ्या वर्षाच्या सुरुवातीला आलेल्यांच्या. फोन बंद झाल्यानंतरची एकही नाही. मी त्या सहा चिठ्ठ्या घेऊन त्यांच्या घरी गेले, कार्यक्रमाच्या आधीच. कोपऱ्यातला यांनी लिहिल्याप्रमाणे विचारलं, चारचौघात नाव घेतलेलं चालेल का. म्हणाल्या, 'नको गं, पण त्या चिठ्ठ्या ठेवून जा.' गेल्या वर्षीचा विषय मी काढला, माफी मागितली. त्या म्हणाल्या, अकराव्या नंबरचं काही नव्हतं, पण तू तेव्हा म्हणालीस की 'मावशी तुम्ही या वर्षी फारशा आलाच नाहीत', ते लागलं. मला आठवतसुद्धा नाहीये मी असं म्हटलेलं. म्हटलं असणार.

कार्यक्रमात भाषणं ठेवलीच नाहीत. ज्यांची हरकत नव्हती त्यांच्या चिठ्ठ्या नुसत्या वाचल्या, लिहिणाऱ्याचं नाव न घेता. वीस मिनिटांत संपलं. त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या दोन जणी होत्या, त्यांना काही परकं वाटलं नाही असं दिसलं तरी, कारण चिठ्ठ्यांतलं सगळं त्यांच्याच दिवसाबद्दल होतं. ट्रॉफ्या पाचही कपाटात आहेत. ज्यांनी ऑर्डर दिली होती ते माझ्याशी बोलत नाहीयेत.

आणि आता खरी गोष्ट. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कोणाबद्दल आल्या असतील? नऊ. ओळखा.

---

पायरीवरचा

अध्यक्ष.

(जोक करतोय.)

---

तिसरी_घंटा

तुम्ही स्वतः?

---

ओळखपाळख

माझी शून्य. अध्यक्षांचीपण.

नऊ चिठ्ठ्या इमारतीच्या खालच्या वॉचमन दादांबद्दल! हॉल तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली बोर्ड नाही, आणि नवीन माणूस बहुतेक वेळा खाली येऊन घुटमळतो, वर बघतो, फोन बघतो आणि परत फिरायच्या बेतात असतो. दादा त्याला विचारतात, 'नवीन ना? जिन्याने वर जा, हसण्याचा आवाज येईल तेच दार.' आणि एवढंच नाही, उतरताना विचारतात, 'मग, पुढच्या आठवड्यात?' आमच्यातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं. आम्ही सगळ्या लिफ्टने जातो.

---

गच्चीवरून

काय सांगता! हे तर अमेरिकेतल्या एम.आय.टी. विद्यापीठाच्या वसाहतीतल्या अभ्यासासारखं झालं. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक, १९५० चं पुस्तक आहे. विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांमधे कोणाची कोणाशी मैत्री होते ते बघत होते. आवडीनिवडी, स्वभाव यापेक्षा कोणाचं दार कुठे उघडतं यावर फार अवलंबून निघालं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त मैत्री, कारण वरचे येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. तुमचे दादा जिन्याच्या पायथ्याशी आहेत आणि कमिटी लिफ्टमधे!

---

हिशेबनीस

नऊ भागिले एकोणचाळीस, जवळजवळ २३ टक्के. आणि माझ्या शीटमधे त्यांच्यासाठी कॉलमच नव्हता. हरलो.

मग त्यांना काय दिलंत?

---

ओळखपाळख

तिथेच गाडी अडली होती. नियमाप्रमाणे सत्कार फक्त मेंबरांचा. एक जण म्हणाले, 'ते त्यांचं कामच आहे.' त्यावर सेक्रेटरींनी विचारलं, पुढच्या आठवड्यात येणार का हे विचारणं कुठल्या ड्युटीत बसतं? मग ते गप्प बसले.

मी खाली गेले, नऊच्या नऊ चिठ्ठ्या दादांना वाचून दाखवल्या. मधे दोनदा गाडी आली म्हणून गेट उघडायला उठले, मी थांबले, परत येऊन म्हणाले 'हां, पुढची'. शेवटी विचारलं, 'इथे यायला शहरात नवीन असायला लागतं ना? मला आठ महिने झालेत. चालतं का?'

हो, तेपण नवागतच. बायको-मुलं गावी. आठ महिन्यांत आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

फॉर्म तिथेच भरून घेतला. पण एक लोचा आहे, आमची वेळ आणि त्यांची ड्युटी एकच. शिफ्ट बदलून मिळतेय का ते बघतायत, नाहीतर आम्ही दिवस बदलू.

---

पायरीवरचा

अहो पण ते वर आले तर खाली कोण उभं राहणार?

---

खडूस_काका

ट्रॉफीवाले. त्यांना वेळ आहे.